मांजरीचा रामराम

ओळखीचे माणूस दिसले की मांजर आधी शेपटी उभी करते. शेपटी बुंध्यापासून सरळ वर, टोक जरासे वाकलेले, कान पुढे वळलेले आणि चाल सैल. जवळ आल्यावर ती नाक पुढे काढून वास घेते. मग गाल पायाला घासते, त्यामागून कूस घासत पुढे सरकते आणि जाता जाता शेपटी पोटरीभोवती फिरवते. एवढ्यात तोंड न उघडताच घशातून एक छोटासा, चढत जाणारा ‘र्र्रं’ असा आवाज निघतो. पायांत घोटाळणे म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या या प्रकारात एक ठरलेला क्रम आहे. मांजरी एकमेकींना भेटतात तेव्हाही बव्हंशी हाच क्रम पाळतात. माणसाला त्यांनी आपल्यातलाच एक धरले आहे, एवढाच फरक.

सुरतेत हे दृश्य दिवसातून दोनदा हमखास दिसावे अशा वस्त्या आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. अनेक घरांतली माणसे यंत्रमागाच्या कारखान्यांत बारा बारा तासांच्या पाळीवर जातात. पाळी सुटली की गल्ली भरते आणि ओट्यावर, जिन्यावर, पार्क केलेल्या रिक्षाच्या टपावर बसलेल्या मांजरी उठतात. कामावरून आलेला माणूस दारात चप्पल काढतो, डब्याची पिशवी खाली ठेवतो. मांजर आधी त्याच्या पँटच्या काठाचा वास घेते. त्या काठाला मागाच्या तेलाचा वास असतो आणि सुताची पांढरी कुसळे चिकटलेली असतात. ती तिथेच गाल घासते, वळते, दुसऱ्या पायाकडून पुन्हा येते. डब्याच्या पिशवीलाही एक घासणे मिळते. ‘काय गं मने, आलो ना’ एवढे म्हणून त्याने दोन बोटे खाली केली की ती कपाळ वर करून त्या बोटांवर टेकवते. काही मांजरी दोन फेऱ्यांनंतर सरळ वाटीकडे निघतात, तर काही वाटीकडे न पाहता पुन्हा ओट्यावर जाऊन बसतात.

मांजर मतलबी असते, खायला मिळावे म्हणून गोंडा घोळते, असे घरोघरी म्हटले जाते. भुकेली मांजर माणसाच्या मागे लागते हे खरेच आहे. पण भेटीच्या वेळी ती जे करते ते खाण्याशी बांधलेले नाही, आणि याचा एक चांगला पुरावा मानसशास्त्रज्ञांच्या हाती जवळजवळ अपघातानेच लागला.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात गथ्री आणि हॉर्टन या दोघांनी मांजरींना एका पेटीत ठेवून प्रयोग केले. पेटीची पुढची बाजू काचेची होती आणि मध्ये एक उभा दांडा होता. दांडा कलला की दार उघडे. मांजरी सुमारे आठशे वेळा अशा बाहेर पडल्या आणि १९४६ साली या नोंदींचे पुस्तक निघाले. मांजरी दांड्याला बहुधा त्याच त्याच पद्धतीने अंग घासत, तेव्हा सुटकेच्या क्षणी घडलेली हालचाल प्राणी जशीच्या तशी गिरवतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिकण्याच्या शास्त्रात या निष्कर्षाला बराच काळ वजन होते. निरीक्षण करणारी माणसे काचेसमोर, मांजरीला दिसतील अशी बसली होती, याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. १९७९ मध्ये कॅनडातील मूर आणि स्टटर्ड यांनी तशीच पेटी बनवली. या वेळी दार उघडण्याची सोय नव्हती आणि खाऊही नव्हता. माणूस समोर असला की मांजरी दांड्याला अंग घासत आणि माणूस नसला की दांड्याकडे ढुंकूनही पाहत नसत. पहिल्या प्रयोगातल्या मांजरी समोरच्या माणसांना भेटत होत्या, पण मध्ये काच असल्याने पायांऐवजी दांडा हाती लागला होता. मांजरीच्या वागण्यावर लिहिल्या गेलेल्या शास्त्रीय लेखांत मूर आणि स्टटर्ड यांचा लेख वेगळाच उठून दिसतो, कारण माणसाची हजेरी ही मांजरीच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे ते त्याने दाखवले.

ही पद्धत मांजरीकडे आली कुठून, हे समजण्यासाठी तिच्या पूर्वजांकडे जावे लागते. घरातल्या मांजरीचे मूळ आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरीत आहे. जगभरच्या मांजरींचे जनुकीय नमुने तपासून २००७ मध्ये हे नक्की झाले. माणूस आणि मांजर यांच्या सोबतीचा फार जुना पुरावा सायप्रस बेटावरचा आहे. तिथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेली सापडली. याच रानमांजरीची आशियाई शाखा आजही कच्छच्या कोरड्या माळावर आणि राजस्थानात आहे. अंगावर गडद ठिपके असलेली ही मांजर एकटी हिंडते, एकटी शिकार करते आणि दुसरी मांजर दिसली की बहुधा वाट बदलते. तिला कोणाला भेटायचेच नसते, त्यामुळे मोठेपणी भेटीची रीतही लागत नाही.

रानमांजरीच्या आयुष्यात जवळीक असते ती फक्त पिल्लूपणी. आई शिकार करून परत येते, दुरूनच घशातून तो ‘र्र्रं’ आवाज काढते आणि पिल्ले शेपट्या वर करून तिच्याकडे धावतात. तिच्या तोंडाचा वास घेतात, हनुवटीखाली डोके घुसवतात, अंगाला अंग लावून फिरतात. शेपटी वर केली की आईला पिल्लाचे ढुंगण चाटून स्वच्छ करता येते, आणि शेपटी उभारण्याची सुरुवात इथून झाली असावी असे मानले जाते. रानमांजर मोठी झाली की हे सगळे सुटते. माणसाच्या वस्तीत धान्याची कोठारे, उंदीर आणि उष्टेखरकटे एका जागी मिळू लागले तसे मांजरींना एकमेकींच्या जवळ राहावे लागले. तेव्हा पिल्लूपणीची ही वागणूक मोठेपणीही टिकली आणि मोठ्यांच्या भेटीची रीत झाली.

आजही मांजरींचे घोळके अन्नाभोवतीच जमतात. मासळी बाजाराच्या मागे, हॉटेलच्या मोरीपाशी किंवा एखादी आजी रोज दूधभात ठेवते त्या बोळात ते दिसतात. अशा घोळक्याचा कणा म्हणजे एकमेकींच्या नात्यातल्या भाट्या: आई, मुली, मावश्या. त्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, चाटतात. बोके ये-जा करतात. या घोळक्यात कोण कोणाला भेटते आणि कोण आधी पुढे होते, हे पाहण्यासारखे असते.

इंग्लंडमध्ये नव्वदच्या दशकात एका संशोधिकेने मांजरीच्या आकाराच्या काळ्या कागदी आकृत्या कापून भिंतीला लावल्या होत्या, काहींची शेपटी वर तर काहींची खाली. शेपटी वर असलेली आकृती दिसली की खऱ्या मांजरी आपलीही शेपटी उभारून चटकन तिच्याकडे जात. शेपटी खाली असेल तर त्या थबकत. वास नाही, आवाज नाही, हालचाल नाही, तरी नुसत्या उभ्या रेघेवरून ‘भांडायचे नाही’ हे पोहोचत होते. रोममधल्या मोकाट मांजरींच्या एका वसाहतीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेपटी उभारण्याचे काम जास्त करून खालच्या मानाच्या मांजरी करत होत्या, आणि तेही वरच्या मानाच्या मांजरींसमोर. अंग घासण्यातही असाच उतार दिसतो. पिल्लू मोठीला घासते, भाटी बोक्याला. ज्याला घासले जाते तो प्रत्येक वेळी परत घासतोच असे नाही. माणूस मांजरीपेक्षा कितीतरी मोठा, अन्न आणणारा आणि ऊब देणारा. त्याच्यासमोर ती स्वतःला लहान धरते, जवळजवळ आईसमोरच्या पिल्लाइतकी, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. घरची मांजर गर्विष्ठ असते हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही.

शेपटीनंतर नाक. दोन ओळखीच्या मांजरी समोरासमोर आल्या की माना लांब करून नाकाला नाक लावतात. क्षणभरच लावतात, पण तेवढ्यात दुसरी कुठून आली, काय खाल्ले, कोणाला भेटली याचा वास मिळतो. माणसाच्या बाबतीत नाकाची उंची जमत नाही म्हणून ती बोटाचे टोक किंवा बसलेल्या माणसाची हनुवटी निवडते. काही मांजरी मागच्या पायांवर उभ्या राहून गुडघ्यावर डोके आपटतात. ते उभे राहणे म्हणजे मोठ्या मांजरीच्या तोंडापर्यंत पोहोचण्याची धडपडच असते. एखाद्या वासापाशी मांजर थांबते, तोंड अर्धवट उघडते आणि चेहरा वेडावाकडा करून तशीच राहते. तेव्हा ती टाळूतल्या एका वेगळ्या इंद्रियाकडे वास पोहोचवत असते. वरच्या पुढच्या दातांमागे त्या इंद्रियाची दोन बारीक भोके असतात. हे तोंड बहुधा अनोळखी मांजरीच्या लघवीच्या वासाला होते. पाहुण्याच्या चपलेपाशीही दिसते, कारण त्याच्या घरी मांजर असू शकते.

अंग घासणे हा या भेटीचा गाभा. मांजरीच्या गालांवर, हनुवटीखाली, ओठांच्या कडांना, कान आणि डोळ्यांमधल्या विरळ केसांच्या जागी आणि शेपटीच्या बुंध्याशी गंधग्रंथी असतात. माणसाच्या नाकाला त्यांतले काहीच कळत नाही. फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी गालांच्या स्रावातले घटक वेगळे करून त्यांचे पाच गट मांडले. त्यांतला एक गट मांजर घरातल्या वस्तूंवर, म्हणजे दाराच्या चौकटीवर, खुर्चीच्या पायावर, कपाटाच्या कोपऱ्यावर लावते. दुसरा ओळखीच्या मांजरींवर आणि माणसांवर लावला जातो. वस्तूंवरच्या गंधाची कृत्रिम नक्कल करून ती आता बाजारात विकली जाते. नव्या घरात बिथरलेल्या मांजरी शांत व्हाव्यात म्हणून पशुवैद्य ती सुचवतात.

एका घोळक्यातल्या मांजरी सतत एकमेकींना घासत राहतात, तेव्हा सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. घर, माणसे, अंथरूण, सारे त्यात येते. बाहेरून आलेला माणूस दहा ठिकाणचे वास घेऊन येतो, शिवाय त्याच्या अंगावरचा घरचा वास पुसट झालेला असतो. मांजर तो पुन्हा लावते. मागाच्या तेलाने माखलेल्या पँटला ती जरा जास्तच वेळ घासते, त्याचे कारण बहुतेक हेच.

दिवाळीत माग बंद होतात आणि आखाजीला लेकी माहेरी निघतात, तेव्हा उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाड्या नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे भरून जातात. मांजर शेजाऱ्यांच्या भरवशावर मागे राहते. परतल्यावर तिचे भेटणे लांबते, हा घरोघरचा अनुभव. स्वीडनमधल्या संशोधकांनी याची साधी मोजणी केली. मांजरींना घरी एकट्या ठेवून एकदा अर्ध्या तासाने आणि एकदा चार तासांनी मालक परत आले. चार तासांनंतरच्या भेटीत मांजरींनी अंग जास्त ताणले आणि घुरघुर जास्त केली. मालकही त्यांच्याशी जास्त बोलले. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कित्येक दिवस दूर राहून आल्यावर काही मांजरी आधी पाठ करून बसतात. तो रुसवाच असे सांगता येत नाही. माणसाचा वास बदललेला असतो, गावाकडच्या गुरांचा, चुलीचा, परक्या मांजरीचा वास त्याला लागलेला असतो, आणि तो पारखून घ्यायला तिला वेळ लागतो.

आवाजाची गोष्ट निराळी. मोठ्या मांजरी एकमेकींशी बोलताना ‘म्याव’ क्वचितच करतात. पिल्लू आईला म्याव करते आणि मोठी मांजर माणसाला. एकमेकींना भेटताना त्या तोंड मिटून काढलेला तो घरंगळता आवाज वापरतात. अमेरिकेतील मिल्ड्रेड मोएल्क या संशोधिकेने १९४४ मध्येच मांजरींच्या आवाजांचे तोंडाच्या हालचालीवरून तीन वर्ग केले होते: मिटल्या तोंडाचे, उघडून हळूहळू मिटणारे आणि तोंड ताणून उघडे ठेवलेले. भेटीचा आवाज पहिल्या वर्गात, म्याव दुसऱ्यात आणि भांडणाचा तिसऱ्यात. मांजर पाळणाऱ्याने ही विभागणी एकदा ऐकली की घरातले आवाज आपोआप वेगळे होऊ लागतात. माणसाला उद्देशून केलेले म्याव प्रत्येक घरात निराळे बनते, कारण कोणत्या सुरावर माणूस उठतो हे ती शिकते. तुर्कस्तानातल्या एका अलीकडच्या अभ्यासात मांजरी घरी परतलेल्या बायकांपेक्षा पुरुषांना पाहून जास्त वेळा आवाज काढताना आढळल्या. बायका मांजरींशी एरवी जास्त बोलतात, पुरुषांचे लक्ष मात्र ओरडून वेधावे लागते, अशी त्याची एक शक्यता संशोधकांनी मांडली.

घुरघुर भेटीतही असते आणि मागणीतही. ब्रिटनमधल्या कॅरन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवले की खायला मागणाऱ्या मांजरीच्या घुरघुरीत ३८० हर्ट्झच्या आसपासचा एक उंच सूर मिसळलेला असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याचा सूरही साधारण याच पट्ट्यात येतो. मांजर कधीही न पाळलेल्यांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. नुसत्या भेटीच्या घुरघुरीत तो सूर ठळक नसतो. भुकेची घुरघुर आणि भेटीची घुरघुर यांत मांजर स्वतःच फरक करते आहे, असा याचा अर्थ.

दुरून होणारी भेट डोळ्यांची. मांजरींच्या जगात टक लावून पाहणे हे आव्हान असते. भिंतीवर समोरासमोर बसलेले दोन बोके तासभर एकमेकांना पाहतात ते त्यासाठीच. निर्धास्त मांजर डोळे अर्धे मिटते, क्षणभर पूर्ण मिटते, पुन्हा किलकिले करते. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० मध्ये याची नीट परीक्षा घेतली. मालकाने असे सावकाश डोळे मिटले तर मांजरीही डोळे मिटून उत्तर देत. दुसऱ्या प्रयोगात परक्या माणसाने डोळे मिटून मग हात पुढे केला, तेव्हा कोऱ्या चेहऱ्याच्या माणसापेक्षा त्याच्याकडे मांजरी जास्त गेल्या. पायरीवर बसून कोणालाही हे करून पाहता येते.

चपट्या तोंडाच्या मांजरींची या बाबतीत अडचण होते. आज शहरोशहरी हौसेने घेतल्या जाणाऱ्या पर्शियन मांजरींचा सुरतेशी एक जुना, आडून आलेला संबंध आहे. इराणातल्या लांब केसांच्या मांजरींचे वर्णन युरोपला कळवणारा इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२३ मध्ये सुरत बंदरात उतरला होता. त्या काळच्या मांजरींची तोंडे इतकी चपटी नव्हती. हा चपटेपणा नंतरच्या निवडक पैदाशीतून आला. अशा मांजरीचा शांत चेहराही दुखत असल्यासारखा दिसतो, हे चेहऱ्यांच्या मोजमापातून आढळले आहे. तिच्या मनातले कळण्यासाठी शेपटी, कान आणि आवाज यांच्याकडे जास्त पाहावे लागते.

उत्तर कसे द्यावे, याची माहितीही आता बरीच आहे. मांजरीने स्वतः सुरू केलेली भेट माणसाने सुरू केलेल्या भेटीपेक्षा जास्त वेळ चालते, असे झुरिकमधल्या जुन्या अभ्यासांत दिसले होते. म्हणून खाली बसावे, बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरावे आणि थांबावे. तिने गाल लावला की गालावर, हनुवटीखाली, कानांपुढे खाजवावे. शेपटीच्या बुंध्याशी हात लावलेला बहुतेकींना आवडत नाही. मांजर समोर लोळून पोट दाखवते तो विश्वास असतो, पोट खाजवायचे आमंत्रण नसते, आणि हे न कळल्यामुळे लहान मुलांच्या हातांवर ओरखडे उठतात. घासणाऱ्या मांजरीला पायाने बाजूला सारणे ही मात्र घाईतली नेहमीची चूक. तिच्या लेखी ती भेट अर्ध्यावर तुटते.

कधी ओळखीची भेटही होत नाही. एका घरातल्या दोन बहिणींपैकी एक दवाखान्यातून परत येते आणि दुसरी तिच्यावर फिस्कारते. तिच्या अंगाला औषधांचा आणि परक्या जनावरांचा वास असतो, घरचा वास गेलेला असतो. दोघींना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून, एकीच्या अंगाला पुसलेले फडके दुसरीच्या अंथरुणात टाकले की बहुधा जुळते. रोज दारात येणारी मांजर अचानक यायची थांबली, कोपऱ्यात बसून राहिली, तर तिला दुखत असण्याची शक्यता मोठी. मांजर आजार लपवते, पण भेटणे सोडते, आणि पशुवैद्याकडे नेण्यासाठी तेवढी खूण पुरेशी मानावी.

गल्लीतल्या काही मांजरी मात्र कोणालाच भेटत नाहीत. खायला ठेवले तरी माणूस दूर गेल्यावरच येतात. त्यांचे कारण बहुतेक वेळा पिल्लूपणात असते. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचा हात, आवाज आणि वास मिळाला तर ते आयुष्यभर माणसांना सरावते, असे अमेरिकेत आयलीन कार्श यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले. एकाच नव्हे तर चार वेगवेगळ्या माणसांनी हाताळलेले पिल्लू परक्यांनाही भीत नाही. कारखान्याच्या मागे, चिंध्यांच्या ढिगात झालेली पिल्ले या पाच आठवड्यांत माणसाला दिसलीच नाहीत, तर पुढे ती एकमेकींना शेपटी उभारून भेटतात आणि माणूस दिसताच पळतात. त्याच भाटीची पुढच्या वेतातली पिल्ले एखाद्या खोलीतल्या पलंगाखाली झाली आणि घरातल्या मुलांनी रोज थोडा वेळ मांडीवर घेतली, तर तीच पिल्ले काही महिन्यांनी पाळी सुटायच्या वेळी ओट्यावर येऊन बसतात.